चार दिवस, एकटी आणि गाडीशिवाय: व्हँकुव्हरचा बेत कसा आखावा?

प्रश्न: नमस्कार. मी मूळची सांगलीची, वय ३४. दोन वर्षांपासून ब्रॅम्प्टनला नोकरी करते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवार ते रविवार सुट्टी मिळाली आहे आणि व्हँकुव्हरला एकटीनंच जायचं ठरवलं आहे. गुरुवारी दुपारी पोचेन, रविवारी रात्री परतीचं विमान आहे. गाडी चालवत नाही. समुद्र, जंगल आणि एखादा डोंगर एवढंच हवं आहे, खरेदीत रस नाही. सह्याद्रीत ग्रुपबरोबर बरेच ट्रेक केले आहेत, एकटीनं एकही नाही. विमानाचं तिकीट सोडून हजारेक डॉलर खर्च करू शकते. ऑफिसमधले म्हणतात, एवढ्या लांब जातेसच तर व्हिक्टोरिया, व्हिस्लर आणि जमलं तर बॅन्फही करून ये. आई म्हणते, जंगलात एकटी पाऊलही टाकू नकोस. नेमकं काय करू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

आधी यादी छाटू. बॅन्फ व्हँकुव्हरहून सुमारे साडेआठशे किलोमीटरवर, शेजारच्या अल्बर्टा प्रांतात आहे. चार दिवसांत त्याचा विचारच नको. व्हिक्टोरिया सुंदर आहे, पण डाउनटाउनहून स्कायट्रेन (मेट्रो), पुढे बस, मग त्सावासनच्या धक्क्यावरून फेरीबोट आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा बस, असा तो प्रवास आहे. नुसत्या बोटीलाच एक तास पस्तीस मिनिटं लागतात. सगळं मिळून एका बाजूचे चार तास धरा. व्हिस्लर १२० किलोमीटरवर आहे, बसनं दोन तास. तुमच्या हातात पूर्ण दिवस दोनच आहेत, शुक्रवार आणि शनिवार. त्यातला एकही बसमध्ये बसून घालवू नका, कारण तुम्हाला हवे असलेले समुद्र, जंगल आणि डोंगर तिन्ही इथे शहराच्या साध्या बसनं गाठता येतात.

धोकाही याच सोयीत आहे, आणि तुमच्या आईंची काळजी तिथे रास्त आहे. सह्याद्रीत वाट चुकली तरी उतरलं की कुठलीतरी वाडी लागते, गुराखी भेटतो, पायथ्याचं गाव कुठल्या अंगाला आहे ते विचारता येतं. व्हँकुव्हरच्या उत्तरेला खाडीपलीकडे जे डोंगर दिसतात, त्यांना तिथले लोक नॉर्थ शोअर म्हणतात. तिथे शेवटच्या घराच्या परसामागे थेट जंगल सुरू होतं आणि पहिली सोंड ओलांडली की मागे वस्तीच नाही. बसमधून उतरून पंधरा मिनिटांत आपण अशा जागी असतो आणि अजून शहरातच आहोत असं वाटत राहतं. म्हणून प्रत्येक बेत परतीपासून आखा: शेवटची सोयीची बस किंवा फेरी कितीची, उजेड कधीपर्यंत, आणि त्या हिशेबानं कुठून मागे फिरायचं. जायची सोय कुठेही होईल, यायची आधी बघून ठेवावी लागते.

तुम्ही जाताय तेव्हा सूर्य सातच्या सुमारास उगवेल आणि सव्वासातच्या आसपास मावळेल. पण डग्लस फर आणि सीडरच्या दाट झाडीत त्याच्या तासभर आधीच वाट नीट दिसेनाशी होते. त्यामुळे नियम साधा ठेवा: दुपारी चारपर्यंत डोंगरातून खाली, पाचपर्यंत बसथांब्यावर. संध्याकाळ समुद्रकिनारी घालवा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्यास्त तिथूनच बघायचा असतो.

ब्रॅम्प्टन आणि व्हँकुव्हरमध्ये तीन तासांचा फरक आहे आणि तो तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. पहिले दोन दिवस तुम्हाला पहाटे साडेचार-पाचला आपोआप जाग येईल. रात्री जागून शरीराला नव्या वेळेत बसवायच्या फंदात पडू नका, नऊला झोपा आणि सकाळ वापरा. एकटीनं फिरताना सकाळ सगळ्यात चांगली: वाटेवर रोज पळणारे-चालणारे स्थानिक लोक असतात, गर्दी नसते, आणि काही बिघडलंच तर सावरायला अख्खा दिवस हाताशी असतो.

राहायला वेस्ट एंड निवडा. डेन्मन आणि डेव्ही या दोन रस्त्यांच्या आसपासचा हा भाग इंग्लिश बे किनाऱ्याला आणि स्टॅन्ली पार्कला लागून आहे. रात्री दहालाही रस्त्यावर लोक असतात, किराणा आणि खाणं चालत पाच मिनिटांवर. हॉटेलची खोली या दिवसांत रात्रीला अडीचशे डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही, आणि दाखवलेल्या भाड्यावर कर धरून जवळपास पाचवा भाग वाढतो. तीन रात्रींतच तुमच्या हजारातले नऊशे डॉलर जातील. त्यामुळे होस्टेल बघा. फक्त बायकांसाठीच्या डॉर्ममध्ये साठ ते नव्वद डॉलरला खाट मिळते. कुलूप स्वतःचं न्या, आणि स्वयंपाकघर असलेलं होस्टेल घ्या, सकाळचा चहा-नाश्ता तिथेच होईल. दुसरा पर्याय म्हणजे खाडीपलीकडे नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये लॉन्सडेल की या धक्क्याच्या आसपास. तिथून डोंगराकडच्या बस सुटतात आणि डाउनटाउन सीबस नावाच्या बोटीनं बारा मिनिटांवर आहे.

बुकिंगच्या साइटवर ‘डाउनटाउन’ म्हणून स्वस्त खोल्या दिसतील. त्यांचा पत्ता ईस्ट हेस्टिंग्ज रस्त्यावर, मेन स्ट्रीटच्या आगेमागे असेल तर सोडून द्या. डाउनटाउन ईस्टसाइड हा बेघर आणि व्यसनात अडकलेल्या माणसांचा भाग आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सहसा कुणी त्रास देत नाही, पण रात्री तिथून एकटीनं ये-जा करणं जिवाला घोर लावणारं आहे. गॅसटाउन हा फिरायला येणाऱ्यांचा भाग त्याला अगदी चिकटून आहे, नकाशात सरळ रस्ता दिसला म्हणून चालत पूर्वेकडे जाऊ नका. आणि दिवसा बसमधून जाताना त्या माणसांचे फोटो काढू नका, ते तिथे राहतात.

विमानतळावरून कॅनडा लाइन ही मेट्रो वॉटरफ्रंट स्टेशनला सुमारे २६ मिनिटांत पोचवते. विमानतळावरून शहराकडे येताना तिकिटावर पाच डॉलर जास्तीचे लागतात, उलट दिशेनं लागत नाहीत. मशिनवरून कंपास कार्ड घ्या (सहा डॉलर अनामत, कार्ड परत दिलं की मिळते) आणि त्यात चाळीसेक डॉलर भरा. बँकेचं टॅप करायचं कार्डही चालतं, पण तिथे लोक हमखास एक चूक करतात: आत जाताना फोन टॅप करतात आणि बाहेर पडताना कार्ड. दोन्हींमागे खातं एकच असलं तरी यंत्राला ते दोन प्रवासी वाटतात आणि दोघांनाही पूर्ण अंतराचं भाडं लागतं. पाकिटासकट कार्ड टेकवलं तरी तोच घोळ, भलतंच कार्ड वाचलं जातं. मेट्रो आणि सीबसमध्ये आत टॅप, बाहेर टॅप. बसमध्ये फक्त चढताना. बसमध्ये रोख दिली तर नाणीच चालतात, सुटे परत मिळत नाहीत, आणि ते तिकीट मेट्रोला किंवा सीबसला चालत नाही. तिकीट ९० मिनिटं चालतं, त्यामुळे सीबसवरून लगेच पुढची बस पकडली तर वेगळे पैसे पडत नाहीत. शनिवार-रविवारी आणि इतर दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर कितीही लांब गेलं तरी एकाच झोनचं, म्हणजे सगळ्यात जवळच्या टप्प्याचं भाडं.

गुरुवारी काही मोठं करू नका. सामान टाका, इंग्लिश बेवर या आणि पाणी डाव्या हाताला ठेवून स्टॅन्ली पार्कच्या दिशेनं सेकंड बीच, जमलं तर थर्ड बीचपर्यंत चाला. वाळूवर रांगेनं ठेवलेले मोठाले ओंडके दिसतील. ते टेकून बसायलाच आहेत, सूर्य मावळताना अख्खा वेस्ट एंड तिथे येऊन बसलेला असतो. अंधार पडल्यावर पार्कच्या आतल्या जंगलातून न येता आल्या वाटेनं, दिव्यांच्या रस्त्यानं परत या.

पुढचे दोन दिवस आत्ताच वाटून टाकू नका. एक दिवस डोंगराचा, एक बेटाचा, एवढं ठरवा आणि कुठला कधी ते गुरुवारी रात्री हवामान बघून पक्कं करा. हवामान बघताना ‘व्हँकुव्हर’ एवढंच टाकून भागत नाही. तो अंदाज सहसा विमानतळाचा असतो, आणि विमानतळ समुद्रसपाटीवरच्या सपाट बेटावर आहे. पॅसिफिकवरून आलेले ढग नॉर्थ शोअरच्या डोंगरांना अडतात, वर चढतात आणि तिथेच रिकामे होतात. आपल्या घाटमाथ्यावर पाऊस पडतो त्याच कारणानं. विमानतळावर वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस होतो, डोंगराच्या पायथ्याला दोन हजारांच्या वर. शहरात भुरभुर असेल तेव्हा लिन कॅनियनमध्ये चांगला पाऊस असू शकतो. नॉर्थ व्हँकुव्हरचा अंदाज वेगळा बघा. या दिवसांत दुसरी शक्यता वणव्यांच्या धुराची. हवेची गुणवत्ता वाईट दाखवत असेल तर चढाचा बेत सोडा आणि किनाऱ्यावर सावकाश फिरा.

शुक्रवारी सकाळी मात्र, त्याच दिवशी डोंगर चढायचा नसेल तर, हवा कशीही असो, स्टॅन्ली पार्कची सीवॉल चाला. १८८८ साली खुलं झालेलं हे उद्यान चारशे हेक्टरांचं आहे आणि त्याच्या कडेनं समुद्राला लागून दगडी बांधाची नऊ-दहा किलोमीटरची वाट आहे. पूर्ण फेरीला चालत अडीच ते तीन तास लागतात. कोल हार्बरच्या बाजूनं सुरुवात करा. ब्रॉक्टन पॉइंटला उगवतीचं ऊन मिळेल, तिथेच आदिवासी समाजांचे कोरीव टोटेम खांब आहेत. पुढे लायन्स गेट पुलाखालून गेल्यावर थर्ड बीचपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला पाणी, अशी वाट आहे. त्या पट्ट्यात स्वच्छतागृह नाही, म्हणून आधी लंबरमन्स आर्चजवळ जाऊन घ्या. वादळानंतर दरडीमुळे हा भाग कधीकधी बंद ठेवतात, निघण्याआधी उद्यान विभागाच्या सूचना बघा.

सायकलनं जायचं असेल तर डेन्मन आणि जॉर्जिया रस्त्यांच्या चौकाजवळ भाड्याची दुकानं आहेत, ती सहसा नऊनंतर उघडतात. सायकलींना सीवॉलवर घड्याळाच्या उलट्या दिशेनंच जाता येतं, मागे वळता येत नाही. फोटो काढायची जागा चुकली तर उतरून चालणाऱ्यांच्या बाजूनं मागे यायचं. हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे, दुकानदार कुलुपासकट देतो.

आता डोंगर. वॉटरफ्रंटहून सीबसनं लॉन्सडेल की गाठा. तिथून तुमच्या कामाच्या दोन बस आहेत, २२८ आणि २३६.

२२८ लिन व्हॅलीला जाते. पीटर्स रोडच्या थांब्यावर उतरून दहा मिनिटं चाललं की लिन कॅनियन पार्क. इथे १९१२ सालचा झुलता पूल आहे, खाली पन्नास मीटरवर ओढा, आणि प्रवेश फुकट. ज्या कॅपिलानो झुलत्या पुलाची जाहिरात तुम्हाला सगळीकडे दिसेल तो लांबीनं आणि उंचीनं मोठा आहे, पण तिकीट सत्तर डॉलरच्या आसपास जातं. तुमच्या बजेटमध्ये ते पैसे तिथे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. लिन कॅनियनमध्ये पूल, ट्विन फॉल्स आणि थर्टी फूट पूल हा डोह अशी दीड-दोन तासांची फेरी करा. वाटेवर लाकडी फळ्या आणि झाडांची उघडी मुळं असतात, ओली झाली की दोन्ही निसरडी. डोहाचं पाणी हिरवं नितळ दिसतं आणि उतरायचा मोह होतो. उतरू नका. वरच्या डोंगरातून येणारं ते पाणी सप्टेंबरातही इतकं गार असतं की पहिल्याच क्षणी श्वास अडकतो, हातपाय चालेनासे होतात, आणि वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. कड्यावरून उड्या मारताना तिथे माणसं दगावली आहेत. कुंपण आणि पाट्या त्याच जागी आहेत.

२३६ ग्राउस माउंटनला जाते. वाटेत क्लीव्हलँड डॅमला उतरा. धरणावरून जंगलातल्या वाटेनं पंधरा-वीस मिनिटं उतरलं की कॅपिलानो नदीवरचं सामन माशांचं केंद्र लागतं. तेही फुकट, आणि तुम्ही नेमक्या हंगामात जाताय. समुद्रातून परतलेले कोहो आणि चिनूक सामन प्रवाहाविरुद्ध पायऱ्यापायऱ्यांच्या सिमेंटच्या टाक्यांमधून वर चढतात आणि एका बाजूला काच लावलेली आहे, तिच्यामागून ते दिसतात. घटकाभर थांबून बघा. बरेच मासे नुसते प्रवाहात जागच्या जागी तोल सांभाळत असतात, शेपटी सतत हलती. मग एखादा अंग आक्रसतो, उसळी मारतो, काठावर आपटतो, परत खाली येतो आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो. नाकाडं सोललेली, पर फाटलेले, अंगाचा चंदेरी रंग जाऊन तांबूस-काळसर झालेला. व्हँकुव्हरमध्ये पैसे मोजूनही याहून चांगलं काही बघायला मिळेल असं वाटत नाही.

चढायचंच असेल तर ग्राउस ग्राइंड. एकटीसाठी मी हीच वाट सुचवेन, आणि त्याला कारण आहे. अंतर सुमारे अडीच किलोमीटर आणि चढ ८०० मीटर, म्हणजे वाट अवघड आहे. पण ती फक्त वर जाणारी आहे, दिवसभर माणसं चढत असतात, वाट सहसा चुकत नाही, आणि खाली केबल कारनं यायचं असतं (तिकीट वीसेक डॉलर, कार्ड जवळ ठेवा). वाटेवर पाव, अर्धं, पाऊण अशा पाट्या आहेत. खरा निर्णय पहिल्या पाटीशी करायचा. तिथपर्यंत लागलेल्या वेळेची चौपट केली की एकूण वेळ साधारण कळतो, आणि पुढचा चढ आधीपेक्षा खडा आहे. तिथे पोचेपर्यंतच चाळीस मिनिटं गेली असतील, गुडघे थरथरत असतील, तर वाट फक्त वर जाण्यासाठी असली तरी तिथूनच मागे फिरा. पाटीनंतर थकून अडकणारे लोक नेमके तेच असतात ज्यांनी ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून पुढे पाऊल टाकलेलं असतं. वाटेत पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. दीड लिटर पाणी खालूनच घ्या. पायथ्याचं फाटक संध्याकाळी बंद होतं, त्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. सकाळी नऊच्या आत चढायला लागा म्हणजे तो प्रश्नच येणार नाही.

सायप्रस आणि सीमोर या शेजारच्या डोंगरांवरच्या वाटांचे सुंदर फोटो तुम्हाला दिसतील. तुमच्यासाठी त्या नाहीत. उन्हाळी हंगामात तिथे शहर बस जात नाही. वर जायला टॅक्सी मिळते, पण परत बोलवायला गेलं की फोनला रेंज नसते, नाहीतर एवढ्या लांब यायला चालक तयार नसतो. मग लोक अंधारात उतरायला लागतात.

नॉर्थ शोअरवर माणसं हरवतात ती जवळपास एकाच तऱ्हेनं, म्हणून ती तऱ्हा समजून घ्या. उशिरा निघणं, अ‍ॅपमधली एखादी पुसट वाट खरी समजून मुख्य वाट सोडणं, फोनच्याच टॉर्चवर भरवसा ठेवणं आणि त्यातच बॅटरी संपणं. अंधार पडला की खाली शहराचे दिवे अगदी जवळ दिसतात, आणि आपल्याला वाटतं ओढ्याच्या कडेनं सरळ उतरलं की पोचलोच. इथल्या घळी वर रुंद आणि सौम्य असतात, खाली अरुंद होत जातात आणि अचानक कड्यावरून तुटतात. तिथे पोचलेल्याला ना खाली जाता येतं ना ओल्या दगडांवरून वर. वाट हरवली असं वाटलं की उतरायचं नाही. आहात तिथेच थांबा, शक्य असेल तर शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे या, ९११ ला फोन करा आणि मग बॅटरी वाचवा. तिथलं नॉर्थ शोअर रेस्क्यू हे शोधपथक १९६५ पासून स्वयंसेवकांचं आहे आणि ते सुटकेचे पैसे घेत नाही. खर्चाच्या भीतीनं फोन करायला उशीर करणं हीच तिथली मोठी चूक ठरते.

पाठीवरच्या सॅकमध्ये हेडलँप (नवे सेल घालून), शिट्टी, पॉवर बँक, पावसाचं जाकीट, एक गरम थर, चमकत्या फॉइलचं आपत्कालीन ब्लँकेट, पाणी आणि खाणं एवढं हवंच, अगदी लिन कॅनियनला जातानाही. वजन चार किलोच्या आत राहतं. सुती टी-शर्ट आणि जीन्स नको. सुती कापड घामानं ओलं झालं की अंगाला गारठवतं आणि त्या दमट हवेत वाळतच नाही. बुटाचा तळ खाचांचा हवा. खायला दशम्या, चिक्की, भडंग असं घरचं न्या, मात्र सांडू नका आणि कागद परत आणा.

हे कागदाचं सांगण्याचं कारण अस्वल. नॉर्थ शोअरवर काळी अस्वलं आहेत आणि सप्टेंबरात ती थंडीसाठी अंगावर चरबी चढवत दिवसभर खात असतात. माणसाच्या अंगावर येणं दुर्मीळ आहे. अचानक समोरासमोर येणं टाळायचं, एवढंच तुमच्या हातात आहे: कानात इयरफोन नको, ओढ्याच्या खळखळाटाजवळ आणि आंधळ्या वळणांवर टाळी वाजवा, मोठ्यानं बोला. दिसलंच तर पळू नका. थांबा, शांत आवाजात बोलत राहा, त्याची वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरा. पाठ फिरवायची नाही. अस्वलाला हुसकवणारा मिरीचा फवारा विमानात नेता येत नाही, आणि वर सांगितलेल्या गर्दीच्या वाटांसाठी तो विकत घ्यायची गरज नाही.

आता बेट. डाउनटाउनमध्ये जॉर्जिया रस्त्यावरून २५७ ही जलद बस पाऊण तासात हॉर्सशू बेला पोचवते. तिथून बोवेन बेट फेरीनं वीस मिनिटांवर आहे. पायी जाणाऱ्याला आरक्षण लागत नाही. पैसे फक्त जाताना हॉर्सशू बेला द्यायचे, परतीचा प्रवास त्यातच येतो. दहा मिनिटं आधी तिकीट हातात हवं. इथे एकच बोट ये-जा करते, साधारण तासाला एक फेरी पडते, म्हणून एक चुकली की तास गेला. बेटावर स्नग कोव्हला उतरलं की क्रिपन पार्कमधून किलार्नी तळ्यापर्यंत जाऊन तळ्याला वळसा घालून परत, अशी आठ-नऊ किलोमीटरची सोपी वाट आहे, अडीच-तीन तासांची. एकटीनं निर्धास्त चालावं अशी. माउंट गार्डनर हा तिथला सातशे मीटरहून उंच डोंगर मोहात पाडेल, पण वर फाटे बरेच आहेत, तो या खेपेला सोडा. दुपारी चारच्या सुमारास परत निघा. संध्याकाळच्या मोठ्या फेरीबोटींची गर्दी एकदम उतरते तेव्हा २५७ भरून जाते.

पाऊस लागलाच तर बेट सोडून लाइटहाऊस पार्क करा, २५० नंबरची बस तिथे बीकन लेनला थांबते. जुन्या डग्लस फरखाली पावसाचा जोर कमी लागतो आणि टोकाला पॉइंट अ‍ॅटकिन्सनचा दीपस्तंभ आहे. तिथले खडक ओले असताना पाण्याच्या कडेला जाऊ नका.

समुद्रात पोहण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. किनाऱ्यांवरचे जीवरक्षक सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंतच असतात. तुम्ही जाल तेव्हा कुणी नसेल. कंबरेएवढ्या पाण्याच्या पुढे एकटीनं जाऊ नका. कयाक चालवायची इच्छा असेल तर स्वतंत्र भाड्यानं न घेता मार्गदर्शकासह जाणाऱ्या छोट्या गटात नाव घाला, आणि सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर वारा वाढतो आणि परतताना वल्हं जड जातं.

रविवारी सकाळी खोली सोडा, सामान तिथेच ठेवायला द्या (होस्टेल सहसा ठेवून घेतं) आणि फॉल्स क्रीकवरच्या छोट्या बोटीनं ग्रॅनव्हिल आयलंडच्या मंडईत जा. मंडई नऊला उघडते, अकरानंतर बसायला जागा मिळत नाही. या बोटींना कंपास कार्ड चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. तिथून फोर्थ अ‍ॅव्हेन्यूवरून जाणाऱ्या ४ नंबरच्या बसनं जेरिको गाठा आणि किनाऱ्यानं स्पॅनिश बँक्सकडे चालत जा. जाण्याआधी पॉइंट अ‍ॅटकिन्सनचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. इथे मोठ्या भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, आणि पूर्ण ओहोटीला स्पॅनिश बँक्सची वाळू अर्धा-पाऊण किलोमीटर आतपर्यंत उघडी पडते. पाणी फिरलं की सपाट वाळूवरून ते भरभर येतं, त्यामुळे भरती सुरू झाली की किनाऱ्याकडे वळा. पश्चिमेला आणखी पुढे गेलात तर रेक बीच लागतो. तिथे लोक विवस्त्र बसतात आणि ते कायदेशीर आहे. माहीत असलेलं बरं.

आता आई. त्यांना ‘काळजी करू नकोस’ म्हणून त्यांची काळजी जाणार नाही, वेळ ठरवून दिली तर कमी होईल. सांगली व्हँकुव्हरच्या साडेबारा तास पुढे आहे. तुमच्या सकाळी साडेसातला तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात. रोज त्या वेळी फोन करून आज कुठे जाणार ते सांगा. पण तुम्ही डोंगरातून उतराल तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार-पाच. त्या वेळची जबाबदारी आईवर टाकू नका, ती ब्रॅम्प्टनच्या मैत्रिणीला द्या. तिला लेखी पाठवा: कुठली वाट, कुठला बसथांबा, कपड्यांचा रंग, परतीची वेळ. संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे तिच्या रात्री नऊपर्यंत, तुमचा निरोप आला नाही तर तिनं तुम्हाला फोन करायचा, सातपर्यंत, म्हणजे तिच्या दहापर्यंत, काहीच कळलं नाही तर पोलिसांना कळवायचं. इथे एक अडचण लक्षात ठेवा. तिनं ब्रॅम्प्टनहून ९११ फिरवलं तर फोन तिच्याच भागातल्या केंद्रात जाईल. म्हणून तुम्ही ज्या भागात जाणार तिथल्या पोलिसांचा थेट नंबर तिच्याकडे हवा: लिन कॅनियन आणि ग्राउससाठी नॉर्थ व्हँकुव्हरचे आरसीएमपी (कॅनडाचे केंद्रीय पोलीस), लाइटहाऊस पार्कसाठी वेस्ट व्हँकुव्हरचे पोलीस, स्टॅन्ली पार्कसाठी व्हँकुव्हर पोलीस. ही तीन वेगवेगळी खाती आहेत.

पैशांचा हिशेब असा बसतो: डॉर्मच्या तीन रात्री कर धरून सव्वादोनशे ते सव्वातीनशे, बस-मेट्रो पन्नास, सायकल चाळीसपर्यंत, केबल कार आणि बोवेन मिळून चाळीस, जेवणखाण दिवसाला साठ धरलं तर चार दिवसांचे दोनशे चाळीस. बाहेर बसून जेवलात तर वर १५ ते १८ टक्के टिप धरा. साडेसातशेपर्यंत काम होतं. उरलेल्यातून एक दिवस कयाकचा गट बसवता येईल. पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी डोंगरातल्या राखीव जलाशयांतून येतं, बाटली भरून घेत जा.

रविवारी रात्रीच्या विमानासाठी दोन तास आधी विमानतळावर पोचा. चिखलाचे बूट शुक्रवारी-शनिवारी रात्रीच धुऊन वाळवा, नाहीतर बॅगेत सगळ्याला वास लागेल. कंपास कार्डात उरलेले पैसे आणि अनामत परत हवी असेल तर त्याची वेळ डाउनटाउनमधून निघण्याआधी काढा. विमान साडेचार तासांचं आणि वर तीन तास पुढे, म्हणजे झोप जेमतेम होईल आणि तुम्ही सोमवारी पहाटे उतराल. सोमवारी सकाळची एखादी मीटिंग असेल तर ती आत्ताच दुपारी ढकलून ठेवा.